माझ्यावर ‘शॉर्ट’ लिहिले आहे

मित्रांनो, मी एक जुना पुठ्ठा आहे. जन्माने मी कूलरच्या खोक्याचा, सुप्याच्या एका कारखान्यातून निघालेला. कूलर केडगावात रुपाली मॅडमच्या घरी राहिला आणि मी त्यांच्यासोबत शाळेत रुजू झालो. मॅडमनी माझ्यावर इंग्रजीत ‘शॉर्ट’ लिहिले आणि दोन भोके पाडून सुतळी ओवली. आपण शिक्षण खात्यात लागलो, असे मला वाटले.

चौथीच्या मुलांनी विरुद्धार्थी शब्दांची कार्डे गळ्यात घालायची. मॅडम ‘जोडी’ म्हणाल्या, की धावत जाऊन आपला जोडीदार धरायचा. जो एकटा उरेल त्याने सतराचा पाढा म्हणायचा. शब्द लक्षात राहावेत म्हणून मॅडमनी युक्ती काढली, ज्याला जे शोभेल ते त्याच्या गळ्यात. वर्गात सगळ्यात उंच हर्षल, त्याला ‘टॉल’. सगळ्यात बुटकी ज्ञानेश्वरी, तिला मी.

युक्ती जरा जास्तच लागू पडली. आठवड्याभरात मुले ज्ञानेश्वरीला शाळेबाहेरही शॉर्ट म्हणू लागली, घरी धाकटा भाऊसुद्धा. वैतागून तिने मला शेळीपुढे टाकले. शेळीने एक कोपरा खाल्ला आणि तोंड फिरवले, याचे मला अजून वाईट वाटते. मॅडमनी चिकटपट्टी लावून मला परत तिच्याच गळ्यात घातले.

पुढे मॅडमनी ‘लाँग’चे कार्ड केले, कारण शॉर्टच्या विरुद्ध तेही चालते. ते ओंकारला मिळाले. त्याचे बोलणे कधी संपत नाही. आता शॉर्ट एक आणि जोडीदार दोन.

अशात केंद्रप्रमुख शामकांत सर शाळा बघायला आले. मॅडम ‘जोडी’ म्हणाल्या आणि हर्षल, ओंकार दोघांनी ज्ञानेश्वरीचा एकेक हात धरून ओढायला सुरुवात केली. पाढा कुणालाच नको होता. सरांनी तिलाच विचारले, यातला बरोबर कोण?

“दोगं बी बरोबर हायेत, सर,” ती म्हणाली. “पन मॅडम, कायम मीच का शॉर्ट? मी साळंत बुटकी व्हायला येते का?”

मॅडमचा चेहरा उतरला. त्यांनी मला काढून स्वतःच्या गळ्यात घातले आणि तिला म्हणाल्या, “चुकलंच माझं. तुला हवं ते कार्ड घे.”

ती सरळ हर्षलकडे गेली. तिचा हात पोचेना, म्हणून त्याला उकिडवे बसावे लागले. ‘टॉल’ तिच्या गुडघ्यापर्यंत लोंबत होते. ‘जोडी’ म्हणताच ती सुसाट धावली आणि तिने मॅडमचा हात धरला. ओंकारने पाढा म्हटला, तोही सावकाश, आणि शामकांत सरांना तो शेवटपर्यंत ऐकावा लागला.

आता कार्डे टेबलावर पसरलेली असतात. शॉर्टला दोन जोडीदार, म्हणजे पाढा कधीच नाही, हे कळल्यापासून माझ्यासाठी रोज झुंबड उडते. मित्रांनो, मला भिजवू नका, दुमडू नका. आणि कुणाच्या गळ्यात घालण्याआधी त्याला विचारा. काल तर सगळ्यांच्या आधी ज्ञानेश्वरीनेच मला उचलले.