रोहिणीची घागर

होडी निवडायची अक्कल चेतनाला होती, त्यात काही वादच नाही. तापीच्या बंधाऱ्याकाठी, क्लबच्या शेडमध्ये शर्यतीच्या दोन शिडाच्या होड्या होत्या, एकट्याने चालवायच्या. नवी चकचकीत, पण जड. जुनीचा रंग उडालेला. चेतनाने ती अंगठ्याने जागोजागी दाबून पाहिली, कुठेच मऊ लागेना. डोलकाठीही सरळ होती. "हीच," ती म्हणाली, आणि क्लबचे प्रशिक्षक धर्मेंद्र सरांचा चेहरा पडला. ती होडी क्लबमधल्याच रोहिणीची होती. दोन वर्षांपूर्वी ती पाण्यावर रिकामीच सापडली होती, शीड तसंच उभं. रोहिणी आजवर सापडली नाही.

तिची आई सिंधुबाई. तिने होडी दिली, पण बजावून, "रोहिणी ई तवय परत देजो, बरं." दोन वर्षं झाली, तरी बाई रोहिणी येईल तेव्हाचं बोलत होती!

आखाजीनंतरच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतरच्या, रविवारी शर्यत होती. जिंकली तर चेतना राज्याच्या संघात. आणि ही होडी रोज सकाळी पाण्याने जड! रात्रभर टायरांवर, जमिनीवर ठेवलेली, तरी मागचं बूच काढलं की पोकळ पोटातून पाणी घटाघटा बाहेर येई, कुणी आत पीत बसल्यासारखं. ऐन उन्हाळ्यात बर्फासारखं थंड. चेतनाने सांधे भरले, बुचाचं वायसर बदललं, पंपाने हवा भरून साबणाचं पाणी लावलं. एक बुडबुडा उठेल तर शपथ. शेवटी तिने होडी पालथी घातली. तरी सकाळी पाणी. तिची पार घाबरगुंडी उडाली.

तिने सिंधुबाईला बोलावून आणलं. बाईने ओंजळीत पाणी धरलं, वास घेतला.

"मन्ही पोरले तीस लागेल शे, व माय."

"मावशी, आखाजीले तिना नावनी घागर भरा ना," तहानेचं नाव ऐकून चेतना हळूच म्हणाली.

गेलेल्या माणसाला पाणी मिळावं म्हणून आखाजीला घरोघरी घागर भरतात. सिंधुबाईने दोन्ही वर्षं भरली नव्हती.

"घागर भरी म्हंजे पोर मरनी," ती म्हणाली आणि निघून गेली. चेतनाला स्वतःची लाज वाटली. आपल्याला शर्यतीला कोरडी होडी हवी, आणि त्यासाठी आईने लेकीला मेली म्हणायचं?

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी चेतना शेडवर आली, तर सिंधुबाई आधीच दाराशी उभी. हाताला नव्या घागरीची लाल माती. चेतनाने बूच काढलं. काही नाही. होडीचं नाक उचललं, थोपटलं.

"कोरडी शे, मावशी! कोरडी!" ती आनंदाने ओरडली आणि लगेच तिने जीभ चावली.

सिंधुबाईने बुचाच्या भोकाखाली ओंजळ धरली. बराच वेळ धरून ठेवली.

"थेंबभर बी नई?" तिने विचारलं. आणि मग दोन वर्षांत पहिल्यांदा तिने लेकीच्या नावाने हंबरडा फोडला.