अर्धा ड्रम फिरत नाही

बापुजी गेले त्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं गच्चीवर दगड उलटवत होतो. नर्मदेपलीकडून आलेला अकीक महिनोन्महिने असा उन्हात पडून राहतो, अधूनमधून कूस बदलतो, आणि मगच भट्टीत जाऊन लाल होतो. बापुजी भिंतीला टेकून बसले होते. ते बोटानं दाखवायचे आणि मी दगड फिरवायची.

"तो नाही, त्याच्या शेजारचा. तो आळशी आहे. त्याला अजून पाठ शेकू दे."

"दगड कसा आळशी असेल, बापुजी?"

"कॉलेजात शिकवतेस आणि एवढं ठाऊक नाही? तुझ्या वर्गात नसतात का असले?"

मी विद्यानगरला भूगोल शिकवते. त्या वर्षी आमच्या विभागाकडे एक संशोधन आलं होतं: एकाच धंद्यावर जगणारी छोटी गावं संकटात काय करतात, कोणती मोडतात, कोणती तगतात, आणि का. गावं वाटून दिली तेव्हा आमचं खंभात गाव माझ्याकडे आलं. 'तू घरचीच आहेस' म्हणाले. घरचीच होते, म्हणून तर हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. दगड खंभातचा नाही. ज्या बंदरातून अकीकाचे मणी जगभर जायचे ते गाळानं केव्हाच बुजलं. गिऱ्हाईक दूरदेशी. मग हा धंदा उठून दुसरीकडे का जात नाही? इथंच काय ठेवलंय त्याचं?

बापुजींना मी हे कितीदा विचारलं असेल. दर वेळी उत्तर वेगळं. आधी म्हणाले, इथल्या पाण्यानं मण्याला चमक येते. मी चौकशी केली, तर आता नळाला येतं ते पाणी मुळी लांबून पाइपातून येतं. ते सांगितल्यावर म्हणाले, मग वाऱ्यात असेल काहीतरी. त्यानंतर, दगडाची खाण आहे त्या रतनपूरच्या पीराचा आशीर्वाद निघाला. एकदा म्हणाले, "तुझी बा तिच्या बहिणीची गल्ली सोडायला तयार नाही. बाकीच्यांच्या बायकांचंही तेच असणार. लिही."

"आजचं उत्तर काय?" मी विचारलं.

ते हसले, आणि हसण्याचा खोकला झाला. आमच्या घरात खोकला आला की सगळे थांबत, रेल्वेचं फाटक बंद असलं की रस्त्यावरची माणसं थांबतात तसे. गाडी गेली की पुढे चालायचं.

"नबीच्या पॉलिशच्या ड्रमपाशी जाऊन बस," श्वास जागेवर आल्यावर ते म्हणाले. "तो अर्धा ड्रम का फिरवत नाही, ते विचार त्याला."

"तुम्हीच सांगा ना."

"मी सांगितलं तर तू लिहून घेशील. त्यानं सांगितलं तर भांडशील. भांडल्याशिवाय तुला काही पटत नाही, लहानपणापासून."

खालून बानं हाक मारली, रोटला गार होतोय म्हणून. जेवताना बापुजींनी वांग्याच्या ओळ्यात, म्हणजे भरतात, मीठ कमी असल्याची तक्रार केली, आणि बानं मीठ त्यांच्या हाताला लागणार नाही असं ठेवलं. संध्याकाळच्या बसनं मी परत गेले. सकाळी भावाचा, केतनचा, फोन आला. बापुजी आंघोळीला उठले, मोरीच्या उंबऱ्यावर टेकले, आणि पुढचा श्वास आलाच नाही.

बेसण्याला, सांत्वनाच्या बैठकीला, आलेल्या प्रत्येकाला केतन सांगत होता, "टीबीनं शेवटी सोडलं नाही." माणसं मान हलवत होती. आमच्या गल्लीत असा खोकला म्हणजे टीबी. गोळ्यांचा एक कोर्स संपतो, दुसरा सुरू होतो, आणि त्याच शब्दावर माणूस जातो. दुसरा शब्द आहे, तो कुणी उच्चारत नाही.

मी तो ऐकला होता. मागच्या हिवाळ्यात आणंदच्या एका डॉक्टरांनी बापुजींच्या छातीचा फोटो उजेडासमोर धरला आणि पहिला प्रश्न विचारला, "दगडाची घसाई किती वर्षं केलीत?" टीबी नाहीच, दगडाची धूळ आहे, ती आता निघायची नाही, असं त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं. बसमध्ये बापुजी खिडकीबाहेर बघत होते. बोरसद मागं पडल्यावर म्हणाले, "हे घरात बोलायचं नाही, अल्पा. धुळीचं नाव निघालं की घसाईच्या चाकावर माणूस बसत नाही. मग शेठ ऑर्डर दुसऱ्या गल्लीत नेतो. गल्ली काय खाईल?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी होकारार्थी मान हलवली.

ते घसाईचं चाक आमच्या परसातच होतं. बापुजींना बसवेनासं झालं तेव्हापासून पोत्याखाली झाकलेलं. बेसण्याच्या दुसऱ्याच दिवशी केतननं पोतं काढलं.

"बारावं झालं की सुरू करतो," तो म्हणाला. "रसिकभाई शेठकडे मोठी ऑर्डर आलीय. शेजारची शारदा बसायला तयार आहे."

शारदा म्हणजे शेजारच्या रमणची नवी बायको, लग्न होऊन नुकतीच गल्लीत आलेली. ती परसात येऊन चाकाभोवती फिरत होती, नवी सायकल बघावी तशी.

"अल्पाबेन, यावर बसायला काय शिकावं लागतं हो?"

"बसायला काही नाही लागत," केतन म्हणाला. "उठायला लागतं. ही गप्पा मारायला उठली की मणी वाकडा."

"मी बसल्या बसल्या गप्पा मारते, केतनभाई. तुमच्या घरात कुणी ऐकणारं आहे का ते सांगा."

किती दिवसांनी बा हसली. मीही हसले. पण त्या रात्रीपासून मला त्या चाकाखेरीज दुसरं काही सुचेना. बारावं जवळ येत होतं.

नबीचाचांकडे मी संशोधनासाठी गेले नाही. बापुजींनी पाठवलं होतं, म्हणून गेले. पत्र्याच्या शेडमध्ये ड्रम फिरत होता. आत पाणी, पूड आणि मणी. नदीकाठी उभं राहिल्यासारखा आवाज. चाचांनी मोटर बंद केली आणि स्टूल पुढं सरकवलं.

"कॅरममध्ये हरला की तुझा बाप राणी खिशात घालून घरी जायचा," मग म्हणाले. "शोध कपाटात. दोन-तीन तरी सापडतील."

"चाचा, तुम्ही अर्धा ड्रम का फिरवत नाही?"

"त्यानं पाठवलं?"

"हो."

त्यांनी झाकण काढून आत हात घातला आणि ओंजळभर मणी काढले. गोल, लांबट, चौकोनी, सगळे एकत्र. "गोल रसिकभाईचे. लांबट त्यांच्या चुलत्याचे."

"ते दोघं तर एकमेकांचं तोंड बघत नाहीत."

"ते बघत नाहीत. मण्यांचं काय बिघडलंय?" चाचा हसले. "हे बघ. ड्रम अर्धा रिकामा असला की मणी वर चढतो आणि धाडकन खाली पडतो. टवका उडतो. भरला असला की मणी मण्याला धरून चालतो, पडायला जागाच नसते. म्हणून मी एकट्याचा थोडका माल घेतच नाही. काम भरपूर असतं तेव्हा ज्याचा त्याचा ड्रम. मंदी आली की कुणाकडेच ड्रमभर माल नसतो. मग काय करतील?"

"थांबतील."

"थांबून पोट भरतं का? ज्याला घाई तो दुसऱ्याच्या दारात जातो. तुझे मणी घाल बाबा, माझे आत जाऊ देत. दुश्मनाच्या दारातसुद्धा जावं लागतं."

"आणि नंतर ओळखायचे कसे?"

"म्हणून तर आधी आकार वाटून घेतात. तू गोल कर, मी लांबट करतो, तो चौकोनी करील. मंदीच्या वर्षी खंभातमध्ये दोन शेठ एक आकार करत नाहीत. बोलत नसले तरी निरोप जातो."

"हे सुरतेत का नाही होणार?" मी भांडायला लागलेच. "ड्रम काय, तिथंही मिळतो."

"मिळतो की. एक जण गेला होता ना, ड्रम घेऊन. मंदी आली तेव्हा अर्धा ड्रम घेऊन बसला एकटा. तिथं दार ठोठावायला दुश्मनही नव्हता." चाचांनी मणी परत आत सोडले. "इथं आहेत."

मला उत्तर मिळालं होतं. पाण्यात नाही, वाऱ्यात नाही. खंभात तगलं होतं ते एकमेकांची गरज पडणाऱ्या भांडकुदळ माणसांमुळे, आणि ती उचलून दुसऱ्या गावी नेता येत नाहीत. शेडच्या दारात येऊन मी पर्समधून फोन काढला आणि बापुजींचं नाव शोधलं. बोट त्या नावावर ठेवल्यावर मला आठवलं.

मी परत आत जाऊन स्टुलावर बसले. चाचा पट्ट्याला तेल देत होते.

"चाचा, ड्रम सगळ्यांचा होतो, मग घसाई का होत नाही? पाण्याची धार सोडत घासायची, धूळ ओढून घेणारा पंखा लावलेली चाकं असतात. एकट्याला नाही परवडणार. पण ड्रमसारखी एकच शेड, सगळ्यांची मिळून?"

त्यांचा तेलाचा हात थांबला. "ड्रम अर्धा फिरला तर काय फुटतं?"

"मणी."

"कुणाचा?"

"मालकाचा."

"म्हणून मालक दुश्मनाच्या दारात जातो. चाकावर काय फुटतं?"

उत्तर चाचांनीच दिलं.

"मालकाचं काही नाही फुटत, बेटा. खोकला ज्याचा त्याच्या घरी जातो. आणि त्याला सगळे दुसरंच नाव देतात. मग कोण कुणाच्या दारात जाणार?"

घरी येताना मी वळून रसिकभाईंच्या जुन्या घरावरून गेले. घरी पोचल्यावर बाला विचारलं, आमच्याकडे यायच्या आधी चाक कुठं होतं? ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, त्यांच्याच अंगणात. रसिकभाईंची काकू खोकायला लागली तेव्हा त्यांच्या वडिलांनी ते बापुजींना देऊन टाकलं. घरबसल्या कमव म्हणाले, किती उपकार वाटले होते. आणि आमच्या मागच्या गल्लीत होतं ते? ते गावाबाहेर शकरपूरला गेलं. शकरपूरचं? आता आणखी पलीकडं, वाडीत. मला कधी दिसलं नव्हतं ते मला आता नकाशावर काढता आलं असतं. दर वाईट वर्षी चाक एकेक अंगण बाहेर सरकत होतं, आधीपेक्षा गरीब अंगणात. ड्रम मात्र जागच्या जागी, गावाच्या मधोमध. माझ्या अहवालात फक्त ड्रम आला असता. खरा आला असता, आणि अर्धाच.

मग आमचंच चाक बाहेर का सरकलं नाही? ते सरकलं होतं. चाक परसातच होतं, पण त्यावर बसणारं माणूस आता कुंपणापलीकडचं. चाकापुढच्या बापुजींच्या पाटावर आता शारदा बसणार होती.

बाराव्याच्या दिवशी पंगत उठल्यावर रसिकभाई थांबले. बासाठी त्यांनी स्वतः हलवासन मिठाईचा डबा आणला होता, आणि बापुजींच्या फोटोपुढं 'दलसुख, दलसुख' म्हणत ते खरोखर रडले. लहानपणी दोघं एकाच मास्तरांचा मार खायचे. मग डोळे पुसून त्यांनी खुर्ची परसाच्या दाराकडे वळवली.

"गुरुवार चांगला आहे, केतन. नारळ फोडून सुरू कर."

"तयारी झालीय. पट्टा नवा घातलाय."

"आणि कोण बसणार? ही?"

शारदानं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. "चालेल ना, शेठ?"

"धावेल! दलसुखच्या पाटावर बसतेस, हात आपोआप चालेल." ते माझ्याकडे वळले. "काय प्रोफेसरबेन, झालं का तुमचं पुस्तक? त्यात लिहा, भूकंप आला, मंदी आली, बंदर गेलं, पण खंभात हललं नाही. दलसुख गेला, तरी त्याच्या घरचं चाक चालू. याला काय म्हणता तुम्ही लोक?"

मला तो शब्द माहीत होता. तो आमच्या अहवालाच्या नावातच होता: चिवटपणा.

"टीबीनं हाल केले, नाहीतर गुरुवारी बापुजी स्वतः बसले असते," केतन म्हणाला. बा पाण्याचे पेले गोळा करत होती. शारदा पाटाची उंची जमते का बघायला खाली वाकली होती. पाटावरची धूळ तिनं पदरानं झटकली, आणि ती तिच्याच तोंडावर उडाली. ती हसत शिंकली.

"टीबी नव्हता," मी म्हणाले.

केतननं वर पाहिलं. "काय?"

"बापुजींना टीबी नव्हता. या चाकाच्या धुळीनं गेले ते. डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, आणि बापुजींनी मला बोलू नको म्हटलं होतं. आता मी बोलतेय. बा, ऐकतेस ना? धुळीनं गेले. शारदा, त्या पाटावर बसू नकोस."