दोन्ही मोर पुढे बघायला हवेत

मी बोलतोय तो सदाशिव पत्ताराचा आरसा. पत्तार म्हणजे सोनार. उंचीनं वीतभर, पितळी चौकट, एका कोपऱ्यात पारा उडालेला. केस विंचरायला मला आणलं नव्हतं. मी कामाचा आरसा आहे.

मला वाचता येत नाही. कन्नड पाटी असो की मराठी पंचांग, अक्षरं मला उलटीच दिसतात. जे शिकलो ते बघून आणि ऐकून. त्याची लाज नाही. सदाशिवही तिसरीतूनच उठला, पण दुर्गदबैल बाजाराच्या बोळात त्याच्यासारखा हात दुसऱ्याचा नव्हता.

मी त्याच्या घरी आलो तो एका चुकीमुळे. ती चूक तिघांनाच ठाऊक होती. त्यातले दोघे गेले. उरला सदाशिव. आणि मी.

सदाशिवचं लग्न ठरलं तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. होणाऱ्या बायकोसाठी त्यानं स्वतः कर्णफुलं घडवली. कानावर सपाट बसणारी, प्रत्येकात एक मोर. उजव्या कानाचं आधी केलं. ते समोर ठेवून दुसरं केलं, अगदी हुबेहूब. तिथंच चुकलं. हुबेहूब केलं की दोन्ही एकाच कानाची होतात. मांडवात शकुंतला उभी राहिली तेव्हा उजवा मोर पुढे बघत होता आणि डावा मागे.

त्याच्या वडिलांनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी बाजारातून मला घेऊन आले आणि कामाच्या पाटावर ठेवलं.

"जोड पहिल्याकडे बघून करायची नसते," ते म्हणाले. "पहिलं आरशापुढं धरायचं. आरशात दिसतं ते दुसरं."

सदाशिव ती कर्णफुलं आटवायला निघाला. शकुंतलेनं दिली नाहीत. लग्नाचा दागिना विस्तवात घालायचा नाही म्हणाली. मग हसली. "राहू दे. एक मोर पुढचा रस्ता बघेल. दुसरा तुम्ही मागून येताय का ते बघेल."

पन्नास वर्षं तिनं ती घातली. त्या पन्नास वर्षांत हजारो जोड माझ्यात बघून झाले. एकही मोर मागे वळला नाही.

शकुंतला गेली. सदाशिवचे हात कापू लागले. दुकान बंद झालं. हातोडी, चिमटे, पट्टी यांच्याबरोबर मलाही पत्र्याच्या पेटीत घातलं. अंधारात आरशाला काही नसतं. काळ किती गेला सांगता येत नाही.

पेटी उघडली ती स्मृतीनं. स्मृती म्हणजे सदाशिवच्या मुलाची, उमेशची मुलगी. विद्यानगरच्या घरात तिच्या टेबलासमोरच्या भिंतीवर तिनं मला खिळ्याला टांगलं. बाजूलाच, मला पडदा दिसेल असा, तिचा कॉम्प्युटर.

त्या पडद्यावर मी जे पाहिलं त्यानं माझी काच थंड पडली.

तिथं एक अख्खी दुनिया होती. रस्ते, तळी, माणसं. खरं काहीच नाही, तरी सगळं चालतं-बोलतं. स्मृती त्या माणसांसाठी दागिने घडवायची. शेगडी नाही, फुंकणी नाही, कानस नाही. रिकाम्या हवेतून तिनं एक गोळा काढला. ओढला, त्याची तार झाली. वाकवली, कडी झाली. तोळाभर वजन नाही आणि झळाळी अशी की खऱ्या सोन्यानं मान खाली घालावी. मग दागिना तिनं बोटानं फिरवला. पुढून, मागून, खालून. मी आयुष्यभर एका जागी उभा. वस्तूच्या भोवती फिरता येतं हे मला त्या दिवशी कळलं.

सदाशिव दारातून बघायचा. "खेळ," एवढंच म्हणायचा आणि जायचा.

मग तिला मोठं काम मिळालं. गिऱ्हाईक म्हणजे लांबच्या देशातली एक बाई. त्या दुनियेतल्या आपल्या नर्तकीसाठी त्या बाईला मोराची कर्णफुलं हवी होती. स्मृतीनं अज्जीची, म्हणजे शकुंतलेची, डबी उघडली. ती कर्णफुलं मोजून मोजून तिनं पडद्यावर उजवं केलं. डावं पाहिलं तर केसाचाही फरक नाही. मग काय, त्याचीच नक्कल काढली आणि पाठवून दिली.

परत आली. डावं नीट नाही म्हणे.

तिनं डावं गर्रकन वळवलं. मोराचं तोंड पुढे झालं, पण नक्षी कानाकडे गेली आणि सपाट पाठ बाहेर. पुन्हा परत आली. या वेळी निरोप होता, शुक्रवारपर्यंत जमलं नाही तर दुसऱ्याला देते.

उमेशनं जेवताना सांगून टाकलं. "तिसऱ्यांदा परत आली की साकु, बस झालं. कॉम्प्युटर बंद. बँकेच्या परीक्षेला बसायचं."

"बसते," स्मृती म्हणाली. "पण अप्पा, चूक माझी नाही. मी अज्जीच्या कर्णफुलांवरनं केलंय. अज्जांनी केलेलं कसं चुकेल?"

सदाशिवच्या हातातला घास थांबला. मला भिंतीवरून दिसला. त्यानं ताट बाजूला सारलं. हात धुवून उठला.

दोन दिवस तो दाराशी फिरकला नाही. मी त्याला ओळखतो. गिऱ्हाइकानं आवाज चढवला तर दागिना परत घेणारा माणूस. इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून 'चुकलो' निघालं नव्हतं. आणि नात शपथ खात होती ती त्याच्याच हाताची.

शुक्रवारी सकाळी तो आला. स्मृती पडद्याकडे नुसती बघत बसली होती. त्यानं मला खिळ्यावरून काढलं. पारा उडालेला कोपरा अंगठ्यानं पुसला, जसा कायम पुसायचा.

"ती दोन्ही उजव्या कानाची आहेत," तो म्हणाला.

"कुठली?"

"तुझ्या अज्जीची."

स्मृती वळली. "काय म्हणता अज्जा?"

"मी चुकलो होतो. लग्नाच्या आधी. तू माझी चूक मोजून काढलीस. माप चांगलं घेतलंस."

"अज्जीला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि पन्नास वर्षं तिनं तुम्हाला ऐकवलं नाही?"

"एकदाच." काय ते त्यानं सांगितलं. स्मृती हसली नाही.

त्यानं मला पडद्याला टेकवून काटकोनात उभं केलं. पडद्यावरचं उजवं कर्णफूल माझ्यात पडलं. मोर दुसऱ्या बाजूला बघू लागला.

"माझ्याकडे नाही, आरशात बघ. ते कर."

"इथं जोडलेला दागिना असा उलटा होत नाही अज्जा. फक्त वळतो."

"मग सुटा कर. मधोमध दोरा धर. जेवढं इकडे, तेवढंच तिकडे."

तिनं मधे एक बारीक तांबडी रेघ उभी केली. त्रेचाळीस तुकडे होते. एकेक उचलून ती रेघेपलीकडे ठेवू लागली. सदाशिव मोजत होता.

"दाणे गोल आहेत, त्यांना डावं-उजवं नसतं. पिसं वाकडी आहेत. जागा बदललीस, वाक कुठं बदललास?"

"बदलते की. ओरडू नका."

"ओरडत नाही. शिकवतोय."

जेवणं राहून गेली. उमेश दोनदा डोकावून गेला. त्रेचाळिसावा तुकडा मोराचा डोळा होता. तो बसला तेव्हा मी माझ्यात पाहिलं आणि पडद्यावर पाहिलं. दोन्हीकडे एकच मोर. माझ्या पोटातली सावली, जिला कधी कुणाला हात लावता आला नाही, ती बाहेर येऊन उभी राहिली होती. शेगडीवाचून, सोन्यावाचून. इतकी वर्षं मी हेच करत आलो, पण त्या वेळी मला स्वतःचं नवल वाटलं.

संध्याकाळी निरोप आला. पसंत.

उमेशनं वाचून दाखवला आणि कॉम्प्युटरचं नाव पुन्हा काढलं नाही. सदाशिव खुर्चीतून उठला नाही.

"आणखी एक जोड कर," तो म्हणाला.

"कुणासाठी?"

"ती पहिली. चुकलेली. तशीच."

स्मृती पडद्याकडे वळली. त्या दुनियेत तिनं एक बाई उभी केली, अज्जीसारखी, नऊवारीतली, उंचीनं बेताची. तिच्या कानांत ती कर्णफुलं घातली. बाई वळली आणि तळ्याकाठच्या रस्त्यानं चालू लागली.

माझ्यासमोरून माणूस गेलं की माझ्यात काही उरत नाही. आरशाचं ते दुःख जुनं आहे. पण त्या दिवशी मी पाठमोरी जाणारी बाई पाहिली आणि तिच्या डाव्या कानातला मोर मागे बघत होता. सदाशिवकडे.

आता मी टेबलावरच असतो, पडद्याशेजारी. मागणं एकच. मला कोरड्या फडक्यानं पुसा, आणि तो कोपरा अंगठ्यानं. पुन्हा पेटीत घालू नका. माझ्या हातची अजून बरीच डावी कर्णफुलं व्हायची आहेत.