खंडेनवमीची आंघोळ

मी एक जुना लष्करी रेडिओ आहे. लष्करी म्हटल्यावर मी मोठे पराक्रम गाजवले असतील असं तुम्हांला वाटेल. पण मित्रांनो, मी साधा ऐकणारा. दुरून आलेला आवाज मला पकडता येतो, उलट निरोप मात्र धाडता येत नाही. फौजेत बोलणारे संच वेगळे असत आणि त्यांचा तोरा काही औरच असे. आम्ही ऐकणारे आपले मुकाट्यानं कान लावून बसायचो.

महायुद्ध चालू असताना साता समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात मी तयार झालो. अंगावर हिरवा जाड पत्रा, वरच्या बाजूला हवेसाठी भोकं आणि आत काचेचे व्हॉल्व्ह. हे व्हॉल्व्ह दिव्यासारखे तापून लालसर झाले की मला आवाज सापडे. ब्रह्मदेशाच्या रानात मी पुष्कळ पाऊस पाहिला, पण एक थेंबही अंगावर घेतला नाही. जवान स्वतः भिजत आणि ताडपत्री माझ्यावर घालत. पुढे लढाई संपली. गरज सरो, वैद्य मरो, तशी माझी गत झाली. लिलावात मला वजनावर विकलं आणि पुण्याच्या जुन्या बाजारात फुटक्या स्टोव्हच्या ढिगाखाली मी कित्येक वर्षं गंजत पडलो.

तिथून मला उचललं ते जयसिंगनं. मुळशीतल्या घोटावड्याचा हा गडी फौजेत होता, बासष्ट सालच्या उन्हाळ्यात सुट्टीवर आला होता. दुकानदार म्हणाला, "पेटी भक्कम आहे, धान्य ठेवायला घ्या." मला इतका राग आला होता म्हणून सांगू! पण जयसिंगनं माझं बटण फिरवून पाहिलं आणि हसला. त्याला मी कोण ते कळलं होतं.

त्यानं मला पौडला, अन्वरच्या दुकानात आणलं. अन्वर त्याचा शाळेपासूनचा दोस्त. घड्याळं, टॉर्च, रेडिओ, जे बंद पडेल ते तो उघडून बसे. दोघांनी माझं झाकण काढलं तर आत उंदराचं घर! अन्वर म्हणाला, "जयशा, ह्यो रेडिओ न्हाई, धर्मशाळा हाय." पण हसत हसत त्यानं एकेक कुरतडलेली तार बदलली, ब्रशनं धूळ झाडली, गंज खरवडला, पुण्याला जाऊन जुना व्हॉल्व्ह शोधून आणला. मग बॅटरी जोडली. आधी खरखर झाली आणि मग माझ्यातून पहिलं वाक्य बाहेर पडलं ते कांद्याच्या बाजारभावाचं. दोघांनी एकमेकांना मिठी मारली. कांद्याच्या भावावर इतकी खूश झालेली माणसं मी पुन्हा कधी पाहिली नाहीत.

घोटावड्याच्या घरी जयसिंगची आई, तुळजाबाई, एकटीच राहत असे. मुळशीच्या धरणाच्या पाण्यावर वीज होई, पण ती तारांवरून थेट मुंबईला जाई; तुळजाबाईच्या घरात रॉकेलची चिमणीच होती. म्हणून मला मोटारीची बॅटरी लावलेली. ती उतरली की बैलगाडीतून पौडला न्यायची आणि गिरणीच्या इंजिनावर भरून आणायची. आवाज पकडायला दारच्या आंब्यापासून आढ्यापर्यंत माझी तार ओढली होती. जयसिंगनं आईला सगळं शिकवलं. बटण किती फिरवायचं, तार कशी जपायची, बॅटरी कधी उतरते. जाताना तो म्हणाला, "आये, रेडिओवर जवानांचं निरोप लावत्यात. माझी पाळी आली तर ह्यातनंच बोलंन बग मी."

तेव्हापासून रोज संध्याकाळी तुळजाबाई पदरानं हात पुसून माझ्यासमोर बसू लागली. पोराचा आवाज ऐकायचा, एवढीच तिची आस होती.

मग खंडेनवमी आली. तुम्हांला ठाऊकच आहे, त्या दिवशी घरातली हत्यारं-अवजारं धुऊन पुजतात. तुळजाबाईनं नांगराचा फाळ धुतला, विळा धुतला, कुऱ्हाड धुतली. मग तिची नजर माझ्याकडे वळली. मी तर फौजेतला, पोराच्या हातचा; मला कसं वगळणार? इतरांना तिनं रांजणातलं गार पाणी घातलं होतं. माझ्यासाठी मात्र चुलीवर कोमट केलं, बाळाला करतात तसं. जयसिंगनं तिला सगळं शिकवलं होतं, पण पाण्याचं सांगणं त्याला सुचलंच नव्हतं. वरच्या भोकांतून तांब्यावर तांब्या माझ्या पोटात उतरला. मग तिनं मला पदरानं पुसलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. मित्रांनो, माझी एवढी पूजा कुणी केली नव्हती, आणि मला ओरडून तिला थांबवता येत नव्हतं.

संध्याकाळी तिनं बटण फिरवलं. आत चर्र झालं, जळका वास आला आणि मी मुका झालो.

थोड्याच दिवसांत चीनशी लढाई पेटली. जयसिंग तिकडेच, बर्फात होता. तुळजाबाईनं मला गाडीत घालून पौडला नेलं. "अन्वर, लेका, ह्याला बोलता कर. माझा पोरगा बोलंल आन् मला ऐकू यायचं न्हाई." अन्वरनं झाकण उघडलं. आत गंजाचे डाग, तारांवर हळद आणि तळाशी झेंडूची एक पाकळी. त्यानं गपकन झाकण लावलं. "मावशी, माल जुना हाय. ट्रान्सफॉर्मर आपसूक जळालाय. दुसरा आला की लावतो," असं तो म्हणाला.

ब्रशनं, कापसानं तो मला तास न् तास साफ करी. पण जळालेला ट्रान्सफॉर्मर पुण्यात मिळेना. मी त्याच्या टेबलावर उघडा पडून होतो. एका संध्याकाळी गिऱ्हाइकाच्या, फळीवर ठेवलेल्या रेडिओवर जवानांचे निरोप लागले आणि ओळखीचा आवाज ऐकून अन्वरच्या हातातला पेचकस खाली पडला.

"आये, जयसिंग बोलतोय. मी बरा हाय. हितं थंडी लई हाय, पर तुझी वाकळ हाय संगती. आये, तू ऐकतीयास न्हवं?"

एवढंच. लगेच दुसऱ्या जवानाचा आवाज सुरू झाला.

अन्वर तसाच सायकलवर बसून घोटावड्याला गेला आणि परत आला तो टेबलावर डोकं टेकून रडला. "समदं सांगितलं मावशीला," तो माझ्याकडे बघत म्हणाला. "त्येवढं शेवटचं न्हाई सांगितलं. कसं सांगू?"

पुढे ट्रान्सफॉर्मर मिळाला आणि मी बरा झालो. लढाईही थांबली. मग फौजेकडून तार आली, त्यात जयसिंग 'बेपत्ता' आहे एवढंच होतं. तुळजाबाई पुन्हा रोज माझ्यासमोर बसू लागली. माझ्यातून बातम्या आल्या, भजनं आली, कांद्याचे भाव आले. तो आवाज काही आला नाही. ती मात्र माझ्या जाळीजवळ तोंड नेऊन सांगे, "जयसिंगा, गाय व्याली रं." मी ऐकणारा संच. तिचा निरोप कुठं पाठवू?

पुढल्या खंडेनवमीला अन्वर आवर्जून घरी आला. ती मला पुन्हा आंघोळ घालेल अशी त्याला धास्ती होती. तुळजाबाईनं फाळ धुतला, विळा धुतला आणि ओल्या हातानं माझ्यापुढे उभी राहिली. तशीच थबकली. तिनं हात पदराला खसखसून कोरडे केले आणि कुंकवाचं बोट माझ्या मागच्या भिंतीला टेकवलं. मला शिवलीसुद्धा नाही. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं, तरी तिला सगळं कळलं होतं. अन्वरनं मान खाली घातली.

आता त्यालाही बरीच वर्षं झाली. मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं एखादं जुनं धूड असेल तर त्याच्यावर माया जरूर करा, पण त्याला काय सोसतं ते जाणत्याला आधी विचारा. आणि घर सोडून लांब जाल तेव्हा तुमच्या माणसांना बारीकसारीकही सांगून जा. आपल्याला साधी वाटणारी गोष्ट त्यांना ठाऊक असेलच असं नाही.

अन्वर अजून दर खंडेनवमीला येतो, कोरड्या ब्रशनं मला झाडतो. मग तुळजाबाई म्हणते, "बोल की रं, अन्वर." आणि तो जयसिंगचे शब्द जसेच्या तसे म्हणतो. "मी बरा हाय. हितं थंडी लई हाय, पर तुझी वाकळ हाय संगती." तिथं तो थांबतो. शेवटचं वाक्य त्याला आणि मलाच ठाऊक आहे.

तुळजाबाई मग माझ्या जाळीजवळ वाकते आणि दर वर्षी एवढंच म्हणते, "ऐकतीया रं बाळा, ऐकतीया."