तोर्तेवरचं अक्षर

झीता सावोनाहून परत आली आणि नेमकी वरच्याच मजल्यावर राहायला आली, तेव्हापासून नीवेसचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. सख्खी धाकटी बहीण. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, तिनं जेनोवाला जन्मगावी यायचं नाही तर जायचं कुठं? हे सगळं नीवेसला कळत होतं. पण कळलं म्हणून संशय थोडाच जातो! गल्लीतल्या बायका म्हणाल्या, बरं झालं, तुला सोबत झाली. नीवेस म्हणाली, हो ना, छानच झालं. आणि जिन्यावर झीताची पावलं वाजली की स्वतःच्या दाराला आतून कान लावून उभी राहायला लागली.

संशय होता तो आईच्या तोर्तेचा. ईस्टरला प्रत्येक घरात होते ती, पास्क्वालिना. पातळ लाटलेल्या पोळ्यांचे थर, मध्ये चार्डची हिरवी भाजी, आंबूस ताजं चीज, आणि त्यात चमच्यानं खळगे करून सोडलेली अख्खी अंडी. आईची तोर्ता साऱ्या गल्लीत नावाजलेली. आईनं कधी काही मापून दाखवलं नाही, की तोंडानं सांगितलं नाही. नीवेसनं शेजारी उभं राहून डोळ्यांनी शिकून घेतली. तंतोतंत तशीच करायची ती, वर्षानुवर्षं. लोक बोटं चाटत खायचे. आणि दरवर्षी पहिला घास घेतला की नीवेस काटा खाली ठेवायची. चांगली होती, पण आईची नव्हती. काहीतरी कमी होतं.

म्हणजे आईनं काहीतरी हातचं राखलं होतं, हे उघड होतं. आणि राखलेलं सांगितलं कोणाला? आईचं शेवटचं वर्ष सावोनाला झीताकडे गेलं. झीतानंच तिचं सगळं केलं. मरणाऱ्या बाईनं उशाशी बसलेल्या पोरीला सांगितलं नसेल तर कोणाला सांगेल? एवढा विचार झाला की नीवेसचं अंग तापायचं. प्रश्न भाजीचा नव्हताच मुळी. आईनं जाताना दोघींतली कुठली आपली मानली, हा होता. आणि उत्तर आपल्या बाजूचं नसणार, अशी तिला मनातून भीती होती.

एरवीही नीवेसचा स्वभाव संशयीच. ती घरातली एक खोली पाहुण्यांना द्यायची आणि कुठं काय खावं याचा सल्ला फुकट द्यायची. तिच्या सल्ल्यात खाण्यापेक्षा न खाण्याचंच जास्त असायचं. बंदराजवळ पेस्तो खायचा नाही, त्यात काजू वाटतात आणि वर चिलगोज्याचं नाव सांगतात. चण्याच्या पिठाची फारिनाता लाकडाच्या भट्टीतलीच घ्यायची, आणि भट्टी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय बसायचं नाही. आक्रोडाच्या सॉसमधले पान्सोती, पास्त्याच्या त्या भरलेल्या करंज्या, दुपारीच खायचे, रात्री सॉस सकाळचा असतो. भरलेल्या अँचोवी मासळ्या ज्या दुकानात मांजर दाराशी बसलेलं नसेल तिथं घ्यायच्या नाहीत, मांजराला सगळं कळतं. तोरिनोचे ओत्तावियो मास्तर, निवृत्त, एकटे, दर ईस्टरला तिच्याकडे उतरायचे आणि हे सगळं शहाण्या मुलासारखं ऐकायचे. रविवारी मात्र जेवण तिच्याकडेच. तोर्तेचा एक तुकडा ते दरवर्षी नीट संपवायचे आणि उत्तम म्हणायचे. दुसरा कधी मागितला नव्हता. तेही नीवेसच्या लक्षात होतं.

यंदा ईस्टरच्या आठवड्यात तिनं डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवला. झीता भाजीवालीकडे गेली, मागोमाग ही गेली. झीतानं चार्ड घेतला, मार्जोरमचा ओला सुवासिक पाला घेतला, आणि मग भाजीवालीच्या कानाशी लागून हळूच काहीतरी मागितलं. भाजीवालीनं पुडी बांधून दिली. नीवेसच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. नंतर तिनं आडून आडून विचारलं तेव्हा भाजीवाली म्हणाली, कॅमोमाइल होतं हो, तिला झोप येत नाही म्हणून. वा, म्हणे झोप येत नाही! नीवेसनं जिन्याखालच्या डब्यात झीताच्या कचऱ्याची पिशवीसुद्धा उघडून पाहिली. कॅमोमाइल निघालं. पण पुडीभर निघालं नाही, म्हणजे उरलेलं कुठं गेलं?

गुरुवारी झीता आपण होऊन खाली आली. कॉफी घेतली, इकडचं तिकडचं बोलली, आणि उठता उठता विचारलं, कणकेत तेल किती घालतेस गं तू? नीवेसनं ओळखलं, ही आपल्याला काही ठाऊकच नाही असं दाखवायची युक्ती. अंदाजानं घालते, असं म्हणून तिनं ताकास तूर लागू दिली नाही. मग राहवेना म्हणून सहज विचारल्यासारखं विचारलं, की आई शेवटी तोर्तेबद्दल काही बोलली होती का.

झीतानं नजर दुसरीकडे वळवली. कप विसळायला घेतला. "काही नाही गं. ती काय बोलणार."

झालं. कुठंतरी पाणी मुरत होतं, आणि ते कुठं ते नीवेसला आता पक्कं ठाऊक झालं.

शनिवारी तिनं दार लावून घेतलं आणि कामाला लागली. भाजी उकडून, पिळून, पिळून, पुन्हा पिळून घेतली. पोळ्या इतक्या पातळ लाटल्या की खालच्या ओट्याच्या फरशीची नक्षी दिसावी. वरच्या थरांच्या कडेला नळी खुपसून फुंकर मारली, पोळी टम्म फुगली, आणि चटकन कड मुरडून बंद केली. शेवटी उरलेल्या कणकेच्या तीन पट्ट्या घेऊन वर आपलं अक्षर घातलं. नीवेसचा एन. गल्लीतल्या घरांत एवढी परात मावेल अशी शेगडी कोणाकडे नाही. सगळ्यांच्या तोर्ता बाचिच्चा पाववाल्याच्या भट्टीत जातात, आणि अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येकीवर नावाचं अक्षर असतं. आईच्या दोन जुळ्या पराती होत्या. वाटणीत एक नीवेसला आली, एक झीताला.

बाचिच्चानं सगळ्यांना दुपारनंतर यायला सांगितलं होतं. पण नीवेसला बसवेना. आपल्याआधी झीता पोचली तर? आपली तोर्ता उचलून नेली, आणि चाखून बघून म्हणाली, बिचारीला काहीच जमत नाही, तर? ती वेळेच्या आधीच जाऊन उभी राहिली. बाचिच्चा पुढं गिऱ्हाइकात अडकला होता. म्हणाला, थांबा, मी काढून देतो, माझ्या लक्षात आहे कोणाची कुठं आहे ते. त्याच्या लक्षावर नीवेसचा विश्वास असता तर आणखी काय हवं होतं! मी माझी घेते, म्हणत ती आतच शिरली. घडवंचीवर पराती खेटून ठेवल्या होत्या. तिनं बाजूच्या चिंचोळ्या वाटेतून वाकून एकेक पाहिली, एन दिसला, परात उचलली. परतताना जिन्यात झीता भेटली, तीही भट्टीकडेच निघालेली. नीवेसनं शालीचा पदर तोर्तेवर ओढला आणि भिंतीला चिकटून वर गेली.

रविवारी मास्तर जेवायला बसले. नीवेसनं आईच्या पद्धतीनं तोर्ता कडेकडेनं कापली. अक्षराला सुरी लावायची नाही, तो तुकडा जिनं केली तिनं शेवटी खायचा, असं आईचं होतं. मास्तरांनी एक घास घेतला, काटा थांबवला, मग तुकडा संपवला आणि ताट पुढं केलं.

"सिन्योरा नीवेस, आणखी देता का? यंदा काही वेगळं केलंय तुम्ही."

वेगळं काहीच केलं नव्हतं. नीवेसनं घाईनं आपला घास घेतला, आणि तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. आईची तोर्ता होती. तीच. आधी मार्जोरम, मग चीजचा आंबूसपणा, मग ते मागून येणारं काहीतरी, ज्याला नाव नव्हतं. म्हणजे आईनं काही लपवलं नव्हतं! हात बसायला वेळ लागला, एवढंच. इतका आनंद तिला लग्नातही झाला नव्हता. झीताबद्दल आपण काय काय मनात आणलं, या विचारानं तिला लाजही वाटली. तिनं मास्तरांना भरभरून वाढलं, स्वतः वाढून घेतलं, आणि मास्तरांच्या वाइनमधला अर्धा प्याला स्वतःच्या प्याल्यात ओतून घेतला.

मास्तर टेबलाच्या कडेला, तिच्या उजव्या हाताशी बसले होते. खाता खाता परातीकडे बघत म्हणाले, "एक विचारू? हा झेड कोणाचा?"

"झेड नाही हो, एन. माझा."

"इथून तर झेड दिसतोय."

नीवेस हसत उठली, त्यांच्या खुर्चीमागं जाऊन उभी राहिली, आणि तिचं हसू जागच्या जागी गेलं. पट्ट्या तीनच होत्या. समोरून पाहिलं की एन, बाजूनं पाहिलं की झेड. गोल तोर्तेला वरची बाजू नसते, खालची नसते. भट्टीच्या चिंचोळ्या वाटेत ती कुठल्या बाजूनं वाकली होती? मग तिला मुरडलेली कड दिसली. ही मुरड डावीकडे पडत होती. झीता डावखुरी.

आनंद गेला आणि त्याच्या जागी काहीतरी कडू आलं. तर आईनं सांगितलं होतं. सांगितलं होतं, झीताला, आणि झीतानं कप विसळत काही नाही म्हटलं होतं. तिनं परात उचलली आणि जिना चढायला लागली. काय बोलायचं ते वरच्या पायरीपर्यंत तयार होतं.

झीताचं दार उघडंच होतं. टेबलाशी ती एकटी बसली होती, समोर दुसरी परात, तीही कडेकडेनं कापलेली. तिचे डोळे रडून सुजले होते.

"ये," झीता म्हणाली. "मीच खाली येणार होते. इतकी वर्षं लपवलंस ना गं माझ्यापासून?"

नीवेस दारातच थबकली. हे वाक्य तर तिचं होतं.

झीता थांबेना. म्हणाली, काल झेड दिसला ती उचलून आणली, आज घास घेतला तर आईची तोर्ता, हुबेहूब. परात फिरवून कड पाहिली तेव्हा कळलं, तुझी आहे. वर्षभर आईचं हगणं-मुतणं मी काढलं, आणि गुपित तिनं तुला दिलं. कधी दिलं? मी लग्न करून गेले तेव्हा?

नीवेसनं परात टेबलावर आदळली आणि उलट तिलाच विचारलं, की हिच्यात काय घातलंय. झीतानं सांगितलं. चार्ड, चीज, मार्जोरम, अंडी, लोणी. आणि? आणि काही नाही. आईची शपथ घे. घेतली. मग तू सांग. नीवेसनं सांगितलं, तेच निघालं. दोघींचाही एकमेकींवर विश्वास बसेना. शेवटी नीवेसनं काटा घेतला आणि आपल्याच तोर्तेचा तुकडा तोंडात घातला. नेहमीचीच. चांगली, पण आईची नाही. समोर झीता स्वतःची चाखत होती, आणि तिचाही चेहरा तसाच उतरला.

मग नीवेसनं गुरुवारचाच प्रश्न पुन्हा विचारला, पण या वेळी खरं उत्तर हवं म्हणून विचारला.

"तिच्या शेवटच्या ईस्टरला मी तिला करून भरवली," झीता म्हणाली. "एक घास खाल्ला आणि रडायला लागली. म्हणाली, ही माझ्या आईची आहे. मला जन्मभर जमली नाही, तुला कोणी शिकवली? मला वाटलं, तिचं डोकं फिरलं. माझी मला तर नुसती भाजी लागते. तुला काय सांगू? फुशारकी मारतेय म्हणाली असतीस."

म्हणाली असती, नक्की म्हणाली असती. नीवेस खाली बसली. जन्मभर आई त्या ओट्याशी उभी राहून, सगळ्यांचं बोटं चाटून झाल्यावर, स्वतःच्या ताटात तेच शोधत बसली असणार, आणि तिनंही कोणावर संशय घेतला असेल. कोणावर, ते विचारायला आता कोणी उरलं नव्हतं. नीवेसला आईची इतकी कीव याआधी कधी आली नव्हती. ती रडली, आणि झीतानं तिला रडू दिलं.

मग ती सवयीनं आपली परात उचलायला गेली, तर झीतानं ती दुसऱ्या बाजूनं धरून ठेवली.

"तुझी राहू दे इथं. माझी तू ने."

"नेते कशाला? इथंच बसून खाते."

नीवेसनं जिन्यात जाऊन मास्तरांना ओरडून सांगितलं, की ताट घेऊन वर या. परत येऊन टेबलाच्या कोपऱ्याशी झीताला लागून बसली. खाता खाता शेवटी दोघींमधल्या परातीत अक्षराचा तेवढा तुकडा उरला. नीवेसला तिच्या बाजूनं एन दिसत होता, झीताला तिच्या बाजूनं झेड, आणि दोघींचे काटे एकदमच पुढं आले.