पलीकडच्या दाराने

"काका, नीट ऐका," डॉक्टर मेघा म्हणाली. "ऑपरेशन करून आत सळई घालायची तर नागपूरला न्यावं लागेल. वीस हजारांच्या घरात खर्च. नाहीतर इथेच प्लास्टर. पण मला गाईबैलांची सवय. एवढ्याशा पायाला मी आजवर प्लास्टर घातलेलं नाही, ते आधीच सांगते."

देवळीच्या जनावरांच्या दवाखान्यात, शेळ्यांसाठीच्या टेबलावर भुऱ्या पडला होता. तीन महिन्यांचं पिल्लू, मागचा डावा पाय लोंबकळतोय, आणि तरी मेघाचा हात चाटायचं सोडत नव्हतं. सकाळी घरासमोर एक मोटारसायकल त्याच्या पायावरून गेली होती.

पुनाजीने बायकोकडे पाहिलं. सुंदराने जमिनीकडे पाहिलं. बँकेत वीस हजार होते, पण ते रक्षाच्या नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाचे. पोरीची फी थांबवून कुत्र्याचा पाय करायचा, हे सुंदराच्या तोंडून निघणार नव्हतं. आणि करू नका, असंही निघणार नव्हतं. रस्त्यावरून आलेल्या या पिल्लाला पहिली पोळी तिनेच घातली होती.

"हाड बाहेर नाई न आलं?" पुनाजीने विचारलं.

"नाही. आतल्या आतच आहे."

"मंग वर्ध्याले जाऊन एक्स-रेचा फोटो काढून आणतो. हाताशी हाय तेवढा पैसा फोटोवर घालाचा. आंधळं प्लास्टर मी आजलोक लावलं नाई."

"तुम्ही?" मेघा चकित झाली.

सुंदराला हवीच होती ती संधी. "एकतीस वर्सं यायनं हाडाच्या दवाखान्यात प्लास्टरच लावलं, डॉक्टरीणबाई. घरी चहाचा कप उचलाले सांगा, तं कंबर दुखते."

तिचं म्हणणं खरं होतं, दोन्ही बाबतीत. सेवाग्रामच्या मोठ्या दवाखान्यात पुनाजी उईके प्लास्टरच्या खोलीतला माणूस होता. त्या खोलीला दोन दारं. अलीकडच्या दाराने माणसं विव्हळत यायची. पुनाजी प्लास्टर लावायचा, मुदत भरली की कापायचा, आणि पेशंट चाकाच्या खुर्चीत बसून पलीकडच्या दाराने निघून जायचा. तिकडे एक्स-रे, तिकडेच व्यायाम. कागदावर सही डॉक्टरची. त्याबद्दल पुनाजीची काही तक्रार नव्हती. खोटं कशाला बोला, थोडी होती. रक्षाने लहानपणी एकदा विचारलं होतं, "बाबा, ते सगळे लोक चालाले लागले का?" तर तो म्हणाला होता, "लागलेच असतीन. मले कुठी दिसते? थे तिकडच्या दारानं जाते."

दुसऱ्या दिवशी वर्ध्याहून फोटो आला. नडगीचं हाड मधोमध मोडलेलं, पण फारसं सरकलेलं नव्हतं. मेघाने भुऱ्याला भुलीचं इंजेक्शन दिलं, पाय उभं राहताना असतो तसा किंचित वाकवून धरला, आणि पुनाजीने बाह्या सरसावल्या. रिटायर होऊन चार वर्षं झाली होती, पण हातांना कोणी सांगितलंच नव्हतं. कापूस गुंडाळला. पट्टी कोमट पाण्यात बुडवली, बुडबुडे थांबेपर्यंत थांबला, हलक्या हाताने पिळली.

"बोटं नाई लावाची, मॅडम. तळहात लावाचा. बोटाचा खड्डा पडला का थो आतून कातडी खाते."

मेघा शाळकरी पोरीसारखी पाहत राहिली. शेवटी पुनाजीने खिशातून निळी पेन्सिल काढली आणि ओल्या प्लास्टरवर लिहिलं. आजची तारीख, आणि खाली कापायची तारीख. बरोबर सहा आठवड्यांनी.

"आठ दिवसांनी दाखवायला आणा हं," मेघा म्हणाली.

पुनाजीने मान डोलावली, पण मनात म्हणाला, कशाला? डॉक्टर लोक असंच म्हणतात. आपलं प्लास्टर कधी मुदतीआधी परत आलेलं नाही.

आठवा दिवस गेला. "बोलावलं होतं न तुमाले?" सुंदराने टोकलं.

"माह्यं प्लास्टर हाय थे. त्याले काय दाखवाचं?"

दहाव्या दिवशी सकाळी भुऱ्याने पोळीला तोंड लावलं नाही. पुनाजीने प्लास्टरबाहेर ठेवलेली दोन बोटं हातात घेतली. सुजलेली होती, आणि गार. पाय हातचा जायची ही पहिली खूण. शेकडो पेशंटना त्यानेच बजावलं होतं, बोटं पाहत जा. आणि स्वतः तारखेच्या घमेंडीत दोन दिवस पाहिली नव्हती.

दवाखान्यात मेघाने कात्री त्याच्याच हातात दिली. प्लास्टर उघडलं. कातडी लाल होती, वळ उठले होते, पण बोटांत हळूहळू ऊब परत आली.

"काका, माणसाचा पाय सहा आठवड्यांत वाढत नाही. हा वाढतो," मेघा हळूच म्हणाली. "प्लास्टर तेवढंच राहिलं, भुऱ्या मोठा झाला."

ती ओरडली असती तर पुनाजीला बरं वाटलं असतं. "चूक माह्यी हाय," तो म्हणाला. एवढ्या वर्षांत हे वाक्य म्हणायची त्याच्यावर पहिलीच वेळ.

मग त्याने दुसरं प्लास्टर केलं. यावेळी कापायची तारीख लिहिली नाही. दर सहाव्या दिवशी तो स्वतःहून दारात हजर. तिसरं झालं, चौथं झालं. कापलेली टरफलं सुंदराने घरी फळीवर ओळीने मांडली. पहिलं भेंडीएवढं, चौथं काकडीएवढं. शेजारणींना ती दाखवायची, "हे पाहा, यायच्या हातचं." पुनाजी तेवढ्यापुरता आत जायचा आणि दाराआडून ऐकायचा.

शेवटचा फोटो काढला तेव्हा हाड सांधलं होतं. मेघाने तो खिडकीच्या उजेडात धरला. "रेषासुद्धा शोधावी लागते, काका. नागपूरला याहून चांगलं झालं नसतं." पुनाजीने चौथं प्लास्टर कापलं, पाय पुसला, भुऱ्याला उचलून छातीशी धरलं आणि सवयीने इकडेतिकडे पाहू लागला.

"काय शोधताय?"

"खुर्ची," तो म्हणाला आणि ओशाळला.

"खाली सोडा त्याला."

पुनाजीने भुऱ्याला फरशीवर ठेवलं. आधी तीन पाय टेकले. चौथा वर, आखडलेला. पिल्लू दोन पावलं लंगडलं, थांबलं, सुंदराच्या पिशवीतल्या पोळीचा वास त्याला आला, आणि डावा पाय खाली टेकला. परत टेकला. मग चारही पायांवर, वाकडंतिकडं, भुऱ्या दाराकडे निघाला.

दवाखान्याला दार एकच होतं. पुनाजी त्याच्यामागे बाहेर आला.

सुंदरा फाटकापर्यंत पोचली होती. "चाला ना लवकर! ऑटो निघून जाईन. काऊन एवढे हळू चालून राह्यले?"

"तू हो पुढं," पुनाजी म्हणाला. "मी मांगून पाहून राह्यलो."

भुऱ्या पुढे, सुंदरा त्याच्याही पुढे. पुनाजी दहा पावलं मागे राहिला, आणि फाटकापर्यंत मागेच राहिला.