पोटातल्या नोंदी

राजारामपुरीतल्या ऑफिसात तेजस्वी डोळे चोळत बसली होती. डेअरीसाठी बनवलेल्या नोंदी शोधायच्या सॉफ्टवेअरमध्ये तिनं प्रत्येक शेतकऱ्याच्या डॉक्युमेंटच्या पोटातच त्याच्या दुधाच्या साऱ्या नोंदी ठेवल्या होत्या. एक नवी नोंद आली, की अख्खं डॉक्युमेंट पुन्हा लिहिलं जाई, आणि तोवर गावोगावची दूध संकलन केंद्रं अडून राहत.

शाहूवाडीहून वडिलांचा फोन आला. "किटली घेऊन रांगेत हाय. तुझं मशीन झोपलंय व्हय?"

"माझंच चुकलं, आण्णा. सगळं एकत्र असलं की सापडायला सोपं, असं वाटलं. आता प्रत्येक नोंद सुटी करतोय."

दुपारी रांग सरकली. आण्णांचं दूध तोवर नासलं होतं.

"आईनं गूळ घालून आटवलंय," ते संध्याकाळी फोनवर म्हणाले. "खायला तरी ये की."